पर्स्पेक्टिव्ह शिकायचंय: पुस्तकं, व्हिडिओ आणि गोव्यात सरावाला बसायच्या जागा

शिसपेन्सिल_साखळी:
वस्तुचित्र, शेडिंग, झाडंझुडपं इथवर हात बऱ्यापैकी चालतो. घरं आणि रस्ते आले की अडतं. यूट्यूबवर पर्स्पेक्टिव्हचे (सपाट कागदावर जवळ-लांब दाखवायच्या तंत्राचे) व्हिडिओ पोत्याने आहेत, पण दर दुसऱ्या व्हिडिओत तेच: रेल्वेचे रूळ, कडेला विजेचे खांब, मध्ये एक ठिपका. पुढचा व्हिडिओ उघडला की थेट पन्नास गगनचुंबी इमारती. मधला जिना गायब.

एकट्याने शिकायचं तर कुठलं पुस्तक किंवा कोर्स, आणि कुठल्या क्रमाने? मराठीत काही आहे का? पणजी-जुनं गोवं-फोंडा भागात बसून सराव करण्याजोग्या जागा कोणत्या? आणि एक नेमका प्रश्न: ए४ कागदाच्या दोन कडांवर दोन लोपबिंदू (दूर जाणाऱ्या समांतर रेषा मिळताना दिसतात ते ठिपके) घेऊन कौलारू घर काढलं की त्याचा जवळचा कोपरा जहाजाच्या नाळेसारखा अंगावर येतो. सगळ्या रेषा पट्टीने, नियमाने काढूनही. हे का होतं?

चुडत:
मांडवीतल्या कॅसिनो-जहाजाचं चित्र म्हणून खपवा. दिवे घ्या. :-)

कौलारू:
नाळ येण्याचं कारण म्हणजे लोपबिंदू फार जवळ आहेत. ते कागदात मावलेच पाहिजेत ही समजूत व्हिडिओंनी करून दिली आहे, कारण त्यांना सगळं एका फ्रेममध्ये दाखवायचं असतं.

हिशेब साधा आहे. डोळा एका जागी ठेवून जे धडपणे दिसतं ते साधारण ६० अंशांच्या शंकूत मावतं. डोळ्यापासून कागदापर्यंतचं अंतर 'अ' धरलं, तर त्या शंकूचं कागदावरचं वर्तुळ ०.५८ अ त्रिज्येचं होतं. ए४ चा कर्ण ३६.४ सेंमी, अर्धा १८.२. चारही कोपरे वर्तुळात बसवायचे तर अ किमान साडेएकतीस सेंमी. घर बरोबर ४५ अंशांत वळलेलं असेल तर दोन्ही लोपबिंदू मध्यापासून प्रत्येकी 'अ' अंतरावर, म्हणजे एकमेकांपासून ६३ सेंमी. तुम्ही घेतलेत ३० सेंमीच्या आत. म्हणजे घरापासून दीड हातावर नाक लावून पाहिल्यासारखं चित्र झालं. रेषा बरोबर आहेत, फक्त उभं राहायची जागा अशक्य आहे.

घर ३०-६० अंशांत वळलेलं असेल तर एक बिंदू मध्यापासून ०.५८ अ वर आणि दुसरा १.७३ अ वर. ए४ साठी सुमारे १८ आणि ५५ सेंमी. मध्यापासून कागदाची कड १५ सेंमीवर, म्हणजे जवळचा बिंदूसुद्धा कागदाबाहेर तीन सेंमी पडतो.

म्हणून साधन निवडायची माझी एकच कसोटी: पाहणारा कुठे उभा आहे आणि त्याचं अंतर चित्रात कसं मोजायचं, हे ते सांगतं का? नुसते बिंदू आणि रेषा शिकवणारी साधनं दहा काय, शंभर पाहिलीत तरी नाळ जाणार नाही.

अळंबी:
वाखुसा (वाचनखूण साठवली).

टीस्क्वेअर:
कौलारूंशी सहमत. आता पुस्तकांकडे.

पहिलं अर्नेस्ट नॉर्लिंगचं 'पर्स्पेक्टिव्ह मेड ईझी', १९३९ चं. पातळ, प्रकरणं दोन-चार पानांची, प्रत्येक पानावर आकृती. सुरुवात क्षितिजरेषा आणि नजरेची पातळी यांपासून होते, बिंदू नंतर येतात. हा क्रम बरोबर आहे. हे वाचायचं नसतं, त्यातली प्रत्येक आकृती एकदा बघून आणि एकदा पुस्तक मिटून काढायची असते.

दुसऱ्या टोकाला स्कॉट रॉबर्टसनचं 'हाऊ टू ड्रॉ', २०१३ चं. गाड्या, विमानं, वक्र पृष्ठभाग. अप्रतिम, पण ते उत्पादन-आरेखनवाल्यांसाठी आहे. ग्रिड, आरसा-प्रतिमा, लंबवर्तुळं यांची प्रकरणं सोन्यासारखी आहेत. ते पहिलं पुस्तक म्हणून घेतलंत तर दुसऱ्या आठवड्यात कपाटात जाईल.

तिसरं डिप्लोमा-इंजिनिअरिंगवाल्यांच्या ओळखीचं, एन. डी. भट्टांचं 'इंजिनिअरिंग ड्रॉइंग'. यथादर्शनाच्या, म्हणजे पर्स्पेक्टिव्हच्याच, प्रकरणात आराखडा वर ठेवून, स्थिरबिंदूपासून (पाहणाऱ्याची जागा) किरण ओढून चित्रप्रतलावर (डोळ्यासमोर उभी धरलेली काल्पनिक काच) छेद घ्यायची पद्धत आहे. रुक्ष आहे, हिरवळ शून्य. पण तुमचा प्रश्न सुटतो तो तिथेच. तळमजल्याचा आराखडा, स्थिरबिंदू, चित्रप्रतल असं एकच घर या पद्धतीने पूर्ण काढा. नंतर स्थिरबिंदू अर्ध्या अंतरावर आणून तेच पुन्हा काढा. दोन्ही कागद शेजारी ठेवलेत की नाळ कुठून येते ते डोळ्यांना दिसतं.

फुकट हवं असेल तर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर जी. ए. स्टोरीचं १९१० चं पर्स्पेक्टिव्हवरचं पुस्तक आहे. भाषा जुनी, आकृत्या स्वच्छ. विकत घेण्याआधी चाळायचं तर पाटो, पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात कला आणि स्थापत्य दोन्ही कपाटं बघा. पर्स्पेक्टिव्हची पुस्तकं बरेचदा स्थापत्यात लावलेली असतात आणि चित्रकलेवाले तिकडे फिरकत नाहीत.

दोन_बिंदू:
सपशेल असहमत. नवख्या माणसाच्या हातात आराखडा आणि स्थिरबिंदू दिलात तर तो बुद्धिबळ शिकायला निघून जाईल. आधी डोळा, मग भूमिती.

खिडकीच्या काचेपासून ३५-४० सेंमीवर बसा. हनुवटी पुस्तकांच्या चळतीवर टेकवा, कारण डोकं दोन सेंमी हललं तरी सगळं बिघडतं. एक डोळा मिटा. पांढऱ्या फळ्यावर लिहायच्या मार्करने समोरच्या घराच्या कडा काचेवर गिरवा. मग पट्टी लावून कौलांची कड, खिडक्यांचे माथे, कुंपणाची रेघ पुढे वाढवा. सगळ्या एका बिंदूशी जातात आणि तो बहुधा काचेच्या बाहेर भिंतीवर पडतो. जे कौलारूंनी हिशेबाने सांगितलं ते इथे पंधरा मिनिटांत हाताला कळतं. हे काही नवीन नाही. जर्मन चित्रकार ड्यूररने १५२५ च्या ग्रंथात सारंगीच्या जातीचं एक तंतुवाद्य दोरा आणि चौकटीने उतरवतानाचं चित्र छापलंय, तत्त्व तेच.

त्यानंतर ड्रॉअबॉक्स हे फुकट संकेतस्थळ. त्यात २५० पेट्यांचं आव्हान आहे. प्रत्येक पेटी मनाने, हाताने काढायची आणि मग वेगळ्या रंगाने तिच्या कडा मागे वाढवून तपासायच्या. चुका ठरावीक येतात. एक, मागच्या कडा पुढच्यांपेक्षा लांब होतात. दोन, तीन समांतर रेषांपैकी मधली भलतीकडे पळते. तीन, आतला लपलेला कोपरा तीन रेषांनी तीन जागी येतो. तपासायचा टप्पा गाळला तर २५० काय, अडीच हजार पेट्याही व्यर्थ.

टीस्क्वेअर:
तंतुवाद्य म्हणजे ल्यूट. सारंगी नव्हे, गजाने वाजवत नाहीत ते.

दोन_बिंदू:
बरं बाबा, ल्यूट. वाद्य राहूं दे, दोरा बघा.

कौलारू:
काचेचा प्रयोग उत्तम, त्याला विरोध नाही. पेट्यांबद्दल एकच आक्षेप. हवेत तरंगणाऱ्या पेट्यांना जमीन नसते, त्यामुळे क्षितिजरेषेशी नातं जुळत नाही. दहा-दहा पेट्या एकाच क्षितिजरेषेवर, एकाच अंतरासाठी काढा. काही रेषेच्या वर, काही खाली, काही रेषा कापणाऱ्या. वर असलेल्यांचा तळ दिसतो, खालच्यांचा माथा दिसतो, कापणाऱ्यांचा दोन्हीपैकी काहीच नाही. एवढं अंगवळणी पडलं की कौलाराच्या वळचणीचा खालचा भाग दिसावा की नाही हा प्रश्न उरत नाही.

रापण:
जागांबद्दल मी. पहिली मिरामार किंवा दोना पावला. हसू नका. समुद्राचं क्षितिज हीच तुमची नजरेची पातळी, ती शोधावी लागत नाही. वाळूवर उभे राहा. तुमच्या उंचीच्या प्रत्येक उभ्या माणसाचे डोळे त्या रेषेवर येतात, तो दहा फुटांवर असो की दोनशे. खाली बसलात की तीच माणसं रेषेच्या वर निघतात. चित्रात माणसं पेरताना होणाऱ्या निम्म्या चुका इथे सुटतात.

दुसरी फोंतेन्हास. ३१ जानेवारी रस्ता बराचसा सपाट आहे, दोन्ही बाजूंना सज्जे, एका लोपबिंदूच्या सरावाला उत्तम. स्टुलावर बसून काढत असाल तर डोळा जमिनीपासून ११०-११५ सेंमीवर असतो, म्हणजे क्षितिजरेषा दारांच्या अर्ध्याच्या जरा वर. बहुतेक जण बसून काढतात आणि रेषा उभ्या माणसाच्या उंचीवर घेतात. मग दारं बुटकी दिसतात. आणि कुणाच्या उंबऱ्यासमोर ठाण मांडू नका. रीलवाल्यांमुळे तिथले रहिवासी आधीच कावलेत.

तिसरी, जुनं गोवं. बॉम जेझू चर्चचा जांभ्या दगडाचा दर्शनी भाग बिनगिलाव्याचा आहे, आडवे थर स्पष्ट दिसतात, कोपऱ्यावरून काढताना प्रत्येक थर ही आयती मार्गदर्शक रेषा. से कॅथेड्रलचा एक बुरूज १७७६ त पडला, तेव्हापासून तो एकबुरुजी आहे. समोरून काढताना मध्य चुकतो म्हणून सरावाला चांगला: मध्य दारावरून धरा, छायाकृतीवरून नव्हे.

शिसपेन्सिल_साखळी:
रापण, देव बरें करूं. मळ्याच्या मारुतीकडे किंवा आल्तिन्होवर चढणारे रस्ते मात्र काढता येत नाहीत. चढ सपाटच दिसतो.

रापण:
चढ सपाट दिसतो कारण रस्त्याच्या कडा घरांच्याच लोपबिंदूकडे नेल्या जातात. घरं सरळ उभी असतात, त्यांचे चौथरे, खिडक्या, वळचणी आडव्याच. त्या क्षितिजरेषेवरच्या बिंदूकडे जातात. रस्ता तिरका आहे. त्याचा बिंदू घरांच्या बिंदूच्या बरोबर डोक्यावर, चढ असेल तर वर आणि उतार असेल तर खाली.

किती वर? समोर सरळ चढणारा रस्ता असेल तर कौलारूंचं अंतर 'अ' गुणिले चढाच्या कोनाचा टॅन. अ ३२ सेंमी आणि चढ १० अंश असेल तर ३२ × ०.१७६, साडेपाच सेंमीच्या आसपास. जागेवर कोन मोजायची गरज नाही. पेन्सिल आडवी धरून रस्त्याच्या दोन कडांचा छेद कुठे पडतो ते बघा.

खरी गंमत रस्ता आणि घर मिळतात त्या रेघेत आहे. चौथरा आडवा, रस्ता तिरका, त्यामुळे चौथऱ्याची दिसणारी उंची एका टोकाला तीन पायऱ्या आणि दुसऱ्या टोकाला शून्य. चढ खरा वाटतो तो या पाचरीमुळे. बिंदू अचूक घेऊन ही पाचर गाळलीत तर रस्ता परत सपाट.

उतरता रस्ता वरून बघताना उलट. रस्त्याचा बिंदू क्षितिजरेषेच्या खाली, आणि तो अनेकदा समोरच्या घराच्या भिंतीवर पडतो. तिथे ठिपका द्यायला हात धजत नाही, पण द्या.

टीस्क्वेअर:
कौलारू छपराचंही हेच गणित. दुपाखी छपराचा उतार म्हणजे तिरकं प्रतलच. आढ्याचं टोक काढायला बाजूच्या भिंतीच्या आयताचे कर्ण मारा, छेदातून उभी रेषा वर न्या, आढं त्या रेषेवर. कर्ण न मारता पट्टीने मध्य मोजला की आढं मागे किंवा पुढे सरकतं आणि छप्पर लंगडतं. चौपाखीत आढं भिंतीपेक्षा आखूड असतं, दोन्ही टोकांना किती सोडायचं ते आधी आराखड्यात ठरवा.

पणजीच्या चर्चच्या पायऱ्यांची एक गोष्ट नोंदवतो. त्या नागमोडी जिन्याचे टप्पे डावी-उजवीकडे, दर्शनी भागाला समांतर जातात. चौकात बरोबर समोर उभे असाल तर कठड्यांच्या तिरक्या रेषा चित्रप्रतलाला समांतर आहेत, त्या कुठल्याही बिंदूकडे जात नाहीत. डावीकडे झुकणाऱ्या सगळ्या आपसात समांतर, उजवीकडच्याही. हौशी लोक त्या ओढूनताणून एकत्र आणतात आणि जिना कोसळल्यासारखा दिसतो.

माटोळी:
मला पडलेलं कोडं वेगळं होतं, पण याच धाग्यात बसतं. आयडीला शोभेल असं म्हणून विचारते. चवथीच्या माटोळीचा (गणपतीच्या वर टांगतात त्या फळापानांच्या आराशीचा) चौकोनी सांगाडा खालून बघून काढायचाय. पुढची पट्टी ठरली. मागच्या पट्ट्या किती-किती जवळ घ्यायच्या? अंदाजाने प्रत्येक फट आधीच्या दोन-तृतीयांश घेतली तर मागे सगळं चेंगरतं.

कौलारू:
माटोळीताई, हीच चूक इटलीच्या आल्बेर्तीने १४३५ त चित्रकलेवरच्या ग्रंथात लिहून ठेवलीय. त्याच्या काळचे काही चित्रकार फरशीची प्रत्येक पुढली पट्टी आधीच्या दोन-तृतीयांश घेत, आणि त्याने ते चूक ठरवलं.

आकडे घालून बघूया. डोळ्याची उंची पाच फूट, माटोळी सात फुटांवर, पुढची पट्टी तुमच्यापासून पाच फूट दूर, पट्ट्या एकेक फुटावर. कागदावर पुढची पट्टी क्षितिजरेषेच्या १५ सेंमी वर घेतली तर पुढच्या पट्ट्यांची उंची १५ × ५/६, १५ × ५/७, १५ × ५/८, १५ × ५/९. फटी येतात २.५, १.८, १.३, १.० सेंमी. गुणोत्तर ०.७१, ०.७५, ०.७८, म्हणजे दर खेपेला बदलतं आणि हळूहळू एककडे सरकतं. दोन-तृतीयांश कायम ठेवलं तर २.५, १.७, १.१, ०.७. वाईट म्हणजे अशा फटी अनंत वेळा घेतल्या तरी बेरीज ७.५ सेंमीच्या पुढे जात नाही. क्षितिजरेषा आहे पुढच्या पट्टीच्या १५ सेंमी खाली. म्हणजे छत कितीही लांब नेलं तरी ते अर्ध्यातच थांबतं. चेंगरतं ते यामुळे.

गुणाकार नको असेल तर अंतरबिंदू वापरा. क्षितिजरेषेवर मध्यबिंदूपासून (डोळ्याच्या अगदी समोरचा बिंदू) 'अ' अंतरावर एक ठिपका. पुढच्या पट्टीवर समान खुणा करून त्या मध्यबिंदूला जोडा. एका कोपऱ्यातून अंतरबिंदूकडे एकच तिरकी रेषा. ती जिथे-जिथे कापते तिथून आडव्या पट्ट्या. तिरकी रेषा म्हणजे चौकटींचा कर्ण, म्हणून सगळ्या चौकटी आपोआप चौरस. फरशी, छत, जाळी, सगळीकडे हीच युक्ती.

माटोळी:
जमलं. आता त्यावर नारळ-सुपाऱ्या टांगायच्या आहेत, ते तुमच्या आल्बेर्तीने लिहिलं नसेल.

चुडत:
माटोळीवर लोपबिंदू टांगा. पंचक्रोशीत कुणाकडे नसेल.

पडदा_पेडणे:
अवांतर आहे, पण जाणकार जमलेत म्हणून. जत्रेच्या नाटकासाठी दरबाराचा पडदा रंगवायचाय, २० फूट बाय १२ फूट. नेहमीचा एका बिंदूचा दरबार, दोन्हीकडे खांबांच्या ओळी, मध्ये सिंहासन. बाजूला बसलेल्यांना तो वाकडा दिसतो आणि नट मागे गेला की राक्षस वाटतो. उपाय?

टीस्क्वेअर:
अवांतर कसलं, पर्स्पेक्टिव्हचा जुना धंदाच हा.

आधी क्षितिजरेषा. सपाट मैदानात खुर्चीवर बसलेल्याचा डोळा जमिनीपासून सुमारे चार फूट. मंच साडेतीन फुटांचा असेल तर नजरेची पातळी मंचाच्या जमिनीपासून जेमतेम सहा इंच वर येते. शास्त्राप्रमाणे क्षितिजरेषा तिथे, म्हणजे रंगवलेली फरशी जवळजवळ दिसणारच नाही. पडदे रंगवणारे रेषा साधारण पाच फुटांवर, उभ्या नटाच्या डोळ्याशी घेतात, आणि मग फरशी कौलाराच्या उतारासारखी वर चढते. तडजोड म्हणून रेषा अडीच-तीन फुटांवर घ्या आणि पडद्याच्या तळाशी दीड फुटाचा कठडा किंवा पायऱ्या रंगवून फरशीचा बराच भाग झाका.

नट राक्षस होतो कारण मागचं रंगवलेलं दार चार फुटांचं असतं आणि तो त्याच्या शेजारी जाऊन उभा राहतो. पडद्यावरची सर्वांत जवळची कमान खऱ्या मापाची, सात फुटांची ठेवा. खोली कमी घ्या, दोन-तीन खांबांपेक्षा जास्त मागे नको. आणि नटांना पडद्यापासून चार-पाच फूट पुढे ठेवा. ते चित्रकाराच्या नव्हे, दिग्दर्शकाच्या हातात आहे, पण सांगून बघा.

बाजूच्या प्रेक्षकांचा प्रश्न पूर्ण सुटत नाही. एका बिंदूचं चित्र एकाच जागेवरून बरोबर असतं. रोमच्या सांत'इग्नात्सिओ चर्चचं छत जेझुइट आंद्रेआ पोत्सोने रंगवलं, तिथे फरशीत चकती बसवलीय, तिच्यावर उभं राहून बघायचं. नाटकात सगळ्यांना चकतीवर बसवता येत नाही. म्हणून इटलीत गाल्ली-बिबिएना घराण्याने कोपऱ्यातून दिसणारा देखावा आणला, फेर्दिनांदोच्या १७११ च्या ग्रंथात त्याची रीत आहे. दोन लोपबिंदू, दोन्ही पडद्याबाहेर, आणि प्रेक्षकाकडे खोलीचा कोपरा. बाजूने पाहिलं तरी डोळा सहन करतो, कारण मध्यावर बोट ठेवता येईल असा बिंदूच नसतो. सिंहासन मध्यावरून जरा बाजूला घ्यावं लागेल. मंडळी कुरकुरतील.

कौलारू:
आखणीची भर. प्रेक्षकाचं सरासरी अंतर ३० फूट धरा. अंतरबिंदू मध्यापासून ३० फुटांवर येतो, पडदा दोन्हीकडे दहाच फूट. मग एक-तृतीयांश अंतरबिंदू घ्या: दहा फुटांवर, म्हणजे बरोबर पडद्याच्या कडेला. त्यासोबत खोलीची मापंही एक-तृतीयांश मोजायची. दोन फूट खोल फरशी हवी तर तळरेषेवर, अंतरबिंदूच्या उलट बाजूला, आठ इंच मोजून खूण करा. छेद तिथेच येतो. दोन्ही गोष्टी एकाच प्रमाणात कमी केल्यामुळे गुणोत्तर बदलत नाही.

लांब रेषांना गवंड्याचं सूत. गेरूत घोळवून दोन्ही टोकं ताणा, मध्ये उचलून सोडा. कापड आधी खळ लावून, ताणून, पूर्ण सुकवून घ्या. सैल कापडावर मारलेली रेषा खळ सुकल्यावर इंचभर सरकते.

पडदा_पेडणे:
एक-तृतीयांशची युक्ती म्हणजे लाख रुपयांची. कमिटीला कोपऱ्यातला दरबार कसा पटवायचा तेवढं सांगा.

चुडत:
सांगा की इटलीहून आलाय. खुद्द जेझुइटांनी आणलाय म्हणू नका म्हणजे झालं.

रापण:
भ्रमचित्र जवळून बघायचं तर कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात भिंतींवर मारियो मिरांडांनी चितारलेले सज्जे आणि त्यातले प्रेक्षक आहेत. वेगवेगळ्या खुर्च्यांवरून पाहा, कुठून पटतं आणि कुठून सपाट होतं.

खाजें:
फोटोवरून सराव करणाऱ्यांसाठी. मोबाइलचा १एक्स कॅमेरा बहुतेक २४-२६ मिमी समतुल्य असतो, आडवा कोन जवळपास ७० अंश. म्हणजे कौलारूंच्या शंकूच्या बाहेर. त्यावरून गिरवलंत की नाळ पुन्हा हजर. २एक्सवर, साधारण ५० मिमीला, कोन ४० अंश होतो, आणि मागे सरकून फोटो काढावा लागतो. तेच हवंय. फोन वर कलवू नका. कलवला की उभ्या रेषाही वर एकत्र येतात आणि तिसरा बिंदू तयार होतो. उंच बुरूज मावत नसेल तर फोन सरळच धरून आणखी मागे जा. फोटोवर बटर पेपर ठेवून कडा वाढवा, दोन बिंदू काढा, त्यांना जोडणारी रेषा आडवी आली नाही तर फोन तिरका होता.

डिजिटलमध्ये क्रिटा फुकट आहे, त्यात लोपबिंदूचा सहायक असतो, बिंदू कागदाबाहेर कितीही लांब नेता येतो. पण बिंदू कुठे टाकायचा हे ते सांगत नाही.

शिसपेन्सिल_साखळी:
धागा भलताच कामाचा झाला. दोन गोष्टी राहिल्या. ६३ सेंमीवरचे बिंदू कागदावर पोचवायचे कसे? आणि क्रम नक्की कोणता, कारण कौलारू आणि दोन_बिंदू यांचं जमत नाहीये.

दोन_बिंदू:
जमतं हो, आधी कोण बोलणार एवढाच वाद. काच चार-पाच वेळा, मग नॉर्लिंग शेवटपर्यंत, सोबत रोज दहा पेट्या. त्यानंतर खुशाल भट्ट.

कौलारू:
चालेल. फक्त नॉर्लिंग सुरू करतानाच प्रत्येक आकृतीत 'अ' किती ते कोपऱ्यात लिहायची सवय लावा.

लांबच्या बिंदूंसाठी: कागद टेबलाच्या मधोमध चिकटवा, टेबलावरच टेपच्या तुकड्यांवर बिंदू घ्या, तिथे टाचणी आणि तिला दोरा. ६० सेंमीची स्टीलची पट्टी लागते, ३० ची जोडून लावू नका. टेबल पुरत नसेल तर दोरा नको, प्रमाणाची युक्ती वापरा. कागदाच्या डाव्या कडेला आणि घराच्या जवळच्या उभ्या कोपऱ्यावर, क्षितिजरेषेपासून वळचणीच्या रेषेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे समान भागांत, समजा आठ-आठ, वाटा. क्रमाने जोडा. सगळ्या रेषा न दिसणाऱ्या त्याच बिंदूकडे जातात. क्षितिजरेषेच्या खाली तेच भाग पुढे मोजा. वळचणीची पहिली रेषा मात्र नीट ठरवा, ती चुकली की आठही चुकतात.

मराठीत म्हणाल तर एलिमेंटरी-इंटरमीजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीची पुस्तकं मिळतात, भूमितीचा हात त्यांतून बसतो. अंतराचा हिशेब शिकायला इंग्रजीकडे जावंच लागेल.

खाजें:
जून ते सप्टेंबर कागद प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. ओलसर हवेत कागद फुगतो, टेप सुटते आणि सकाळी घेतलेले बिंदू संध्याकाळी जुळत नाहीत. आखणीला २एच, हलक्या हाताने. दमट कागदावर २एचने दाबलंत की चर पडते, खोडरबराने जात नाही.

माटोळी:
जाता जाता एक. मंगेशीचा सात मजली दीपस्तंभ. अष्टकोन दर मजल्याला वेगळा दिसतो, तो कसा?

टीस्क्वेअर:
प्रत्येक मजल्याला आधी चौरस काढा, पर्स्पेक्टिव्हमध्ये. अष्टकोनासाठी चौरसाच्या बाजूचा ०.२९ भाग दोन्ही टोकांना सोडायचा. पुढच्या बाजूवर पट्टीने मोजा, ती चित्रप्रतलाला समांतर असेल तर चालतं. मागे जाणाऱ्या बाजूंवर मोजू नका. पुढच्या खुणा मध्यबिंदूकडे न्या, त्या चौरसाचे कर्ण जिथे कापतील तिथून आडव्या रेषा मारा. आडव्या रेषा बाजूच्या कडांना जिथे मिळतील त्या उरलेल्या खुणा. आठ ठिपके जोडले की झालं.

तळमजल्याचा एक पूर्ण काढून त्याचे आठ कोपरे उभ्या रेषांनी वर न्यायचे नाहीत, कारण स्तंभ वर निमुळता होतो. मधला अक्ष उभा ठेवा आणि प्रत्येक मजल्याचा चौरस त्याच्याभोवती त्या मजल्याच्या मापाने नव्याने मांडा. अक्ष म्हणजे चौरसाच्या कर्णांचा छेद, पुढच्या आणि मागच्या बाजूंच्या बरोबर मधला बिंदू नव्हे. नजरेच्या पातळीवरचा पट्टा सपाट रेघ, त्याच्या वर प्रत्येक पट्टा वरच्या बाजूला फुगत जातो, आणि जितका उंच तितका जास्त. सातव्या मजल्याचा पट्टा पहिल्याइतकाच चपटा काढला की स्तंभ पुठ्ठ्याचा वाटतो. आणि देवळाच्या अंगणात जवळून बसलात तर वरचे दोन मजले शंकूच्या बाहेर जातात. स्तंभाच्या उंचीच्या दुपटीइतकं मागे जाता आलं तर जा. नाहीतर खालचे चार मजलेच काढा.